बॅटरी माझीच होती

लॅपटॉपची मेमरी वाढवली की बॅटरी लवकर उतरते का, असं मला आता कुणी विचारलं तर नीट उत्तर देता येतं. थोडी लवकर उतरते. मेमरीची पट्टी स्वतः फार वीज खात नाही, पण जागी असते तितका वेळ खात राहते. लॅपटॉप बंद न करता नुसतं झाकण लावून ठेवलं, तर ती जागीच असते. एवढी साधी गोष्ट मला दिवाळीत कळली. तोवर शेलूबाजारच्या एका दुरुस्तीवाल्याचं नाव मी आमच्या सगळ्या शिक्षकांत खराब करून ठेवलं होतं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका आहे. शाळा पाचवीपर्यंत, शिक्षक आम्ही दोन. राहते शेलूबाजारला, शाळा हायवे सोडून आत सात किलोमीटरवर, स्कुटीने जाते. शाळेचं निम्मं काम आता लॅपटॉपवर असतं. मुलांची माहिती भरा, आधार जुळवा, पोषण आहार भरा, गुण भरा. लॅपटॉप माझ्या मुलीचा होता. तिने कॉलेजात चार वर्षं वापरला, नोकरी लागल्यावर नवा घेतला आणि हा मला दिला. एका वेळी एकच काम करायचा. हजेरीची फाईल उघडी असताना पोर्टल उघडलं की पडद्यावरचं चक्र फिरत बसायचं. मी वर्गात जाऊन पाढे घेऊन यायची, तरी फिरतच असायचं.

शाळेत लाईट सकाळी असली तर दुपारी नसते. म्हणून मी लॅपटॉप घरून चार्ज करून न्यायची, काम झालं की लगेच बंद करायची. दिवसातून अर्धा-पाऊण तास चालायचा आणि संध्याकाळी बॅटरी अर्धी उरलेली असायची. बॅटरी दणकट आहे, अशी माझी समजूत होती.

दुरुस्तीचं दुकान जीपथांब्याच्या अगदी समोर. एका शटरचं. त्याच्या अब्बांच्या वेळेस तिथे घड्याळं दुरुस्त व्हायची. त्याने रेडिओ केले, मग टीव्ही, मग मोबाईल, मग लॅपटॉप. सगळे त्याला मिस्त्रीच म्हणतात. पन्नाशीचा माणूस, डोळ्याला घड्याळवाल्याचं भिंग लावून बसायचा. मागच्या फळीवर चिठ्ठ्या लावलेले लॅपटॉप उभे असायचे. चिठ्ठीवर माणसाचं नाव नसायचं, शाळेचं गाव असायचं. आमच्या केंद्रातल्या, म्हणजे शाळांच्या गटातल्या, बाराही शाळांचं काम त्याच्याकडे होतं, त्यामुळे फळीकडे पाहिलं की कुठल्या शाळेचं काम अडलंय ते कळायचं.

त्याची एक पद्धत होती. गिऱ्हाईक समोर बसल्याशिवाय तो मशीन खोलायचा नाही. जुना पार्ट निघाला तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून परत द्यायचा, तो पार काळा पडलेला असला तरी.

जूनच्या शेवटी शाळा सुरू झाल्या त्या आठवड्यात मी लॅपटॉप घेऊन गेले. मेमरी वाढव, असं मुलगीच म्हणाली होती.

"बसा मॅडम, पंधरा मिनिटं. तुमच्यासमोर खोलतो, मंग जा."

"मिस्त्री, पावणेदहा झाले. शाळा काय तुमी भरवनार?"

"भरवतो ना. पोरायले रेडिओ खोलायले शिकवतो. साहेब आले तं सांगा, कार्यानुभव चालू हाये."

"ठेवून जाते. संध्याकाळी घेईन."

"मी असा मागं खोलत नाई कोनाचा, तुमाले माईत हाये."

"माझा खोला. माझा भरवसा हाये तुमच्यावर."

हे मी म्हटलं होतं. शब्द मला नीट आठवतात, कारण पुढे मी ते बरेच दिवस आठवायचं टाळलं.

संध्याकाळी त्याने चालू करून दाखवला. आधीची चार जीबीची पट्टी तशीच होती, शेजारच्या मोकळ्या जागेत आठची बसवली होती. जुनं काही निघालंच नव्हतं, म्हणून पिशवीही नव्हती. "आता उडते पाहा," म्हणाला. खरंच उडत होता. आणि म्हणाला, "एक करजा. काम झालं का बंद करत जा. नुसतं झाकन लावून ठेवू नका. मेमरी वाढली ना, ते झोपेतही खाते. तुमची बॅटरी बी आता म्हातारी हाये." मी हो म्हटलं. डॉक्टरांनी रोज चाला म्हटल्यावर आपण म्हणतो तसं.

त्यानंतरचे काही दिवस मी त्या लॅपटॉपवर खूश होते. झाकण उघडलं की काम जिथे सोडलं तिथेच समोर. मग बंद कशाला करायचा? हजेरी भरली, झाकण लावलं. पोषण आहार भरला, झाकण लावलं. पोर्टल, फाईली, मुलांना दाखवायची चित्रं, बातम्या, सगळं एकदम उघडं. फोनचं नेट त्याला जोडलेलं. पडदा लख्ख, कारण आमच्या ऑफिसच्या खोलीत उजेड कमी. रात्री चार्ज करायचा, झाकण लावून पिशवीत घालायचा, सकाळी पिशवी उचलून निघायचं.

जुलैच्या मध्यापासून बॅटरी दुपारपर्यंत पुरेना. मी चार्जर नेऊ लागले, पण लाईट नसेल तर चार्जरचा काय उपयोग. चिडचिड होऊ लागली. मिस्त्रीचं बोलणं मला एकदाही आठवलं नाही. ते आठवून मी दुर्लक्ष केलं असतं तर निदान तसं म्हणता आलं असतं. मी ते ऐकलंच नव्हतं.

ऑगस्टमध्ये केंद्राची शिक्षण परिषद माझ्या शाळेत होती. महिन्यातून एकदा बाराही शाळांचे शिक्षक एका शाळेत जमतात, केंद्रप्रमुख येतात, कुणी पाठ घेतं, कुणी काही सादर करतं, मग जेवण. त्या महिन्यात सादर करायची पाळी माझी होती. विषय भागाकार. मी चित्रं काढून, पायऱ्या पाडून चांगली तयारी केली होती. टेबलावर लॅपटॉप आणि त्याच्याभोवती खुर्च्या. सुरुवात करतानाच लाईट गेली.

"जाऊ द्या," मी म्हटलं, "बॅटरी आहे."

पंधरा-वीस मिनिटांनी पडदा काळा झाला. बटण दाबलं, काही नाही.

"मॅडम," मागून एक सर म्हणाले, "बाकी शून्य."

सगळे हसले. मीही हसले. उरलेला भागाकार फळ्यावर घेतला आणि तो लॅपटॉपपेक्षा बरा झाला. पण अपमान मनात राहिला. तेवीस वर्षं नोकरी झाली माझी, ठरवलेलं काम अडून पडलं असं कधी झालं नव्हतं.

जेवताना शेजारी एक ज्येष्ठ सर बसले होते. त्यांनी विचारलं, "कोनाले दाखोला होता?"

"मिस्त्रीकडे. मेमरी टाकली जूनमध्ये."

"आनि तवापासून बॅटरी टिकत नाई?"

"नाही टिकत."

"मंग झालं. चांगली काढून घेतली असन, कोनाची तरी जुनी टाकली असन. तुमच्यासमोर खोलला होता का?"

"नाही."

"मंग?"

त्या एका "मंग?"वर मी पुढचं सगळं उभं केलं. सर आणखी एक वाक्य बोलले, "त्यायच्यात असंच असते." कुणाच्यात, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी ताटाकडे पाहिलं आणि वरण मागितलं.

घरी जाता जाता स्कुटी थेट दुकानासमोर उभी केली. आत फवारणीचा बॅटरीवाला पंप घेऊन एक शेतकरी उभा होता, एक कॉलेजची मुलगी मोबाईलची काच बसवून घेत होती. त्यांचं होऊ द्यावं, असं मला वाटलं नाही.

"मिस्त्री, माझी बॅटरी कुठं आहे?"

त्याने भिंग काढलं. "यातच हाये ना, मॅडम."

"ही माझी नाही. माझी दिवसभर टिकायची. तुमच्याकडून नेल्यापासून दोन तास टिकत नाही."

"मॅडम, म्या बॅटरीले हातच लावला नाई. मागचं झाकन खोललं, पट्टी बसवली, लावलं. तुमाले तवाच सांगतलं होतं, मेमरी वाढली का..."

"मेमरी वाढली म्हणून बॅटरी गेली? उद्या म्हणाल, खिडकी बसवली म्हणून दार गेलं."

"तसं नाई. तुमी झाकन लावून ठेवता का बंद करता?"

"मी काय करते ते राहू द्या. तुम्ही काय केलं ते सांगा."

त्याने भिंग काउंटरवर ठेवलं. मग शांतपणे म्हणाला, "आना इकडं. आता तुमच्यासमोर खोलतो. पाहून घ्या."

"आता खोलून काय? आता तर जुनीच दिसेल."

पंपवाला शेतकरी मध्येच बोलला. त्याच्या बोलण्यात खुन्नस नव्हती, गंमतच होती. "मिस्त्री, माह्या पंपाची बी पाहून राह्यले तुमी, पन बदलू नका भाऊ. आमचं आधीच तनकट माजून राह्यलं."

मुलगी हसली. मिस्त्री हसला नाही. त्याने शेतकऱ्याचा पंप काउंटरवरून उचलला आणि त्याच्या हातात परत दिला. "घेऊन जा भाऊ. दुसरीकडं दाखवा."

"अरे, म्या मजाक केली."

"हो. घेऊन जा."

मी तिथून निघाले तेव्हा मला जिंकल्यासारखं वाटत होतं. अपराधी आहे म्हणूनच चिडला, असं मी घरी नवऱ्याला सांगितलं. नवरा म्हणाला, "तो चिडला कुठं? त्यानं पंप वापस केला." मी म्हटलं, तेच.

संध्याकाळी केंद्राच्या शिक्षकांच्या ग्रुपवर लिहिलं. "सर्व शिक्षक बंधू-भगिनींना विनंती. शेलूबाजारला जीपथांब्यासमोर लॅपटॉप दुरुस्तीस देताना सावध राहावे. मेमरी टाकण्यास दिलेल्या माझ्या लॅपटॉपची बॅटरी बदलली गेली आहे. स्वतःसमोर उघडल्याशिवाय देऊ नये." मी माणसाचा उल्लेख केला नव्हता. तेवढं मी बरोबर वागले असं मला तेव्हा वाटलं. जीपथांब्यासमोर दुसरं लॅपटॉपचं दुकानच नाही.

भराभर उत्तरं आली. धन्यवाद मॅडम. वेळीच सावध केलंत. माझाही हल्ली लवकर उतरतो. मग जेवतानाचं ते "त्यांच्यात असंच" हे वाक्यही कुणीतरी शुद्ध भाषेत लिहून टाकलं. मी ते वाचलं. त्यावर मी काही लिहिलं असतं तर ते तिथेच थांबलं असतं, कारण विषय माझा होता आणि त्या दिवशी सगळे माझं ऐकत होते. मी फोन चार्जिंगला लावला आणि कणीक मळायला घेतली.

माझा शब्द आमच्या केंद्रात चालतो. मी उगाच बोलत नाही, असा माझा लौकिक आहे आणि तो मी कमावलेला आहे. दुसऱ्या कुणी तो संदेश टाकला असता तर चार जणांनी विचारलं असतं, कशावरून? मला कुणी विचारलं नाही. दोन-तीन आठवड्यांत मागच्या फळीवरचे लॅपटॉप कमी झाले. मी रोज तिथून जायची, मला दिसायचं. पोळ्याच्या सुमारास तीन होते. नंतर एक. आधी मिस्त्री स्कुटी दिसली की आतूनच "नमस्ते मॅडम" म्हणायचा. आता खाली पाहून काम करायचा. मला ते त्याच्या अपराधाला साजेसंच वाटलं.

दिवाळीत मुलगी आली. दुसऱ्या दिवशी तिला काहीतरी पाठवायचं होतं म्हणून तिने माझा लॅपटॉप उघडला.

"आई, यात एकतीस पानं उघडी आहेत."

"असू दे. मेमरी आहे ना आता."

"आणि हा बंद कधी केला होतास?"

"बंद कशाला करायचा? झाकण लावते."

"रात्रीसुद्धा?"

"हो. सकाळी पटकन उघडतो."

मग मी तिला बॅटरीची हकीकत सांगितली. मिस्त्री, शिक्षण परिषद, ग्रुप, सगळं. मी ती तोवर इतक्यांदा सांगितली होती की तिला चांगला आकार आला होता. मुलीने ती शेवटपर्यंत ऐकली. संपल्यावर म्हणाली, "कशावरून त्याने बदलली?"

"टिकत नाही ना."

"ते झालं लक्षण. तू तर मुलांना ताळा करून पाहायला लावतेस."

तिने पडद्यावर एक काळी खिडकी उघडली, त्यात इंग्रजीत अर्धी ओळ लिहिली आणि लॅपटॉपने स्वतःच एक लांबलचक पान तयार केलं. बॅटरीची कुंडलीच म्हणा. बॅटरीची ताकद कुठल्या आठवड्यात किती होती, याचा तक्ता त्यात होता. मुलीने बोटाने दाखवलं. "हे बघ. दर आठवड्याला थोडी थोडी कमी होत आली आहे. जूनच्या आधी तशीच, जूनच्या नंतर तशीच. बॅटरी बदलली असती तर इथे एकदम उडी दिसली असती, वर किंवा खाली. उडी कुठेच नाही. ही माझ्या कॉलेजातलीच बॅटरी आहे, आई. अर्धी ताकद आधीच गेली होती."

"मग आधी कशी टिकायची?"

"आधी तू ती वापरतच नव्हतीस."

खाली दुसरा तक्ता होता, लॅपटॉप कधी चालू होता आणि कधी काय. जूनपर्यंत चालू, बंद, चालू, बंद. मेमरी टाकल्यापासून बंद कुठेच नाही. चालू, झोप, चालू, झोप, रात्रभर झोप. मिस्त्रीने वापरलेला शब्दच मशीनने वापरला होता. तेव्हा कुठे मला त्याचं जूनमधलं बोलणं आठवलं, अख्खं, म्हाताऱ्या बॅटरीसकट. हा सगळा पुरावा चार महिने माझ्याच पिशवीत होता आणि मी तो पिशवीत घालून रोज त्याच्या दुकानासमोरून जात होते.

तरी मुलीचं मी लगेच मान्य केलं नाही. सुट्टीत स्वतः आठ दिवस करून पाहिलं. रात्री शंभरवर झाकण लावलं की सकाळी शहात्तर, एकदा त्र्याहत्तर. पूर्ण बंद केला की सकाळी शंभर. सगळी पानं आणि फोनचं नेट चालू ठेवलं तर सव्वा तासात संपे. फक्त हजेरीची फाईल ठेवली, पडदा मंद केला, तर अडीच तास जाई. नव्या पट्टीचा दोष त्यात किती, ते मला वेगळं काढता आलं नाही, पण थोडाच असणार. दिवसा चार माणसांचं काम आणि रात्री जागरण, हे म्हाताऱ्या बॅटरीला मी लावलं होतं. लॅपटॉप सुखाचा झाल्यावर मी बंद करायची सवय सोडली. तो छळत होता तोवर मी त्याला नीट वागवत होते.

इतकं समजल्यावर त्याच दिवशी जीपथांब्यावर जायला हवं होतं. घरापासून सहा मिनिटं. मला तीन आठवडे लागले. शाळा उघडली, चाचण्या आल्या, नवऱ्याच्या शेतावर मळणीचे मजूर होते. ही कारणं खरी आहेत. त्या तीन आठवड्यांत मी किराण्याला गेले, एका लग्नाला अनसिंगला जाऊन आले, स्कुटीचं ऑइल बदललं, हेही खरं आहे. खोटं बोललेल्या माणसाला कशाची माफी मागायची ते ठाऊक असतं. मला वाटत होतं की मी खोटं बोललेच नव्हते.

गेले तेव्हा लॅपटॉपचा बोर्ड उतरवलेला होता. शटरच्या वर, भिंतीवर, त्या जागेचा रंग उजळ दिसत होता. आत मिक्सर, टेबल पंखे, दोन इस्त्र्या. फळीवर चिठ्ठीवाला एकही लॅपटॉप नव्हता.

मी उभ्यानेच सांगितलं. "मिस्त्री, माझी चूक झाली. बॅटरी माझीच होती. मी झाकण लावून ठेवत होते. तुम्ही सांगितलं होतं."

त्याने मिक्सरचं भांडं बाजूला ठेवलं. "मले माईत होतं, मॅडम."

"काय?"

"का ते तुमचीच हाये. म्या पाहिली होती ना खोलल्यावर. म्हनलं, एखादं वर्ष चालन." मग म्हणाला, "बसा."

मी बसले. मुलीने काढलेलं ते पान मी झेरॉक्सवाल्याकडून छापून आणलं होतं, ते पुढे केलं. "हे दुकानात लावा. खाली मी सहीने लिहून देते की तुमचा दोष नव्हता."

त्याने चष्मा शोधला, घातला, तक्ता बराच वेळ पाहिला. त्याला तो आवडला, हे दिसत होतं. आठवड्यांचे आकडे त्याने बोटाने खालपर्यंत वाचले. "बराबर हाये," म्हणाला. "पन लावत नाई मी."

"काहून?"

"आता जे लोकं येतात त्यायले काई माईत नाई. मिक्सर आनतात, घेऊन जातात. हे लावलं का इचारतील, कायचं हाये? मंग म्या सांगू, का माह्यावर चोरीचा आळ होता, तो खोटा निंगाला? अर्ध्यायले आळच ध्यानात राहीन."

मी कागदाची घडी घालून पिशवीत ठेवली. मग विचारलं, "तुम्हाला ग्रुपवरचं कळलं कसं?"

"एका सरनं मोबाईल दाखोला. चांगला मानूस हाये, चोरून दाखोला. तुमचं वाचलं, त्याचं काई वाटलं नाई. तुमी चिडल्या होत्या. खालचं बी वाचलं." खालचं म्हणजे कुठलं, ते त्याने सांगितलं नाही आणि मला विचारावं लागलं नाही.

"मी आज ग्रुपवर लिहिते. सगळ्यांना सांगते."

"लिवा."

"लॅपटॉप पुन्हा घ्याल ना दुरुस्तीला?"

"बोर्ड काढला, हात थोडेच काढले. कोनी आनला तं करीन."

"मग हा घ्या. नवी बॅटरी टाकायची आहे. आज वेळ आहे मला, इथेच बसते."

त्याने लॅपटॉपकडे पाहिलं, पण काउंटरवरून उचलला नाही. "तुमचा नाई, मॅडम. राग नाई माह्या मनात, अल्लाची कसम. पन उद्या याले पुन्हा काई झालं, तं मी काय सांगू? कोनाचाही आना. हा नको."

बाहेर पडताना तो म्हणाला, "चाय घेऊन जा." मी चहा घेतला. चहा घेतल्याने काही मिटलं नाही, पण नको म्हणणं अजून वाईट झालं असतं.

त्या संध्याकाळी ग्रुपवर लिहिलं. या वेळी आडून लिहिलं नाही. "ऑगस्टमध्ये मी जीपथांब्यासमोरच्या दुरुस्तीवाल्याबद्दल लिहिलं ते चुकीचं होतं. बॅटरी बदललेली नव्हती. मी लॅपटॉप बंद करत नव्हते, म्हणून ती उतरत होती. त्यांनी मला हे आधीच सांगितलं होतं. त्यांच्याबद्दल आणि त्यांच्या समाजाबद्दल इथे जे लिहिलं गेलं ते मी तेव्हाच थांबवायला हवं होतं." तो तक्ताही जोडला. अकरा जणांनी अंगठा दाखवला. ज्यांनी ते वाक्य लिहिलं होतं त्यांनीही दाखवला. चार मिनिटांनी तांदळाच्या साठ्याची माहिती तातडीने मागवल्याचं पत्र आलं, मग सगळ्यांचे तांदळाचे आकडे येऊ लागले आणि माझा संदेश वर सरकून दिसेनासा झाला. ऑगस्टच्या संदेशावर लोक दोन दिवस बोलत होते.

त्यानंतर मी आमच्या शाळेचा प्रिंटर त्याच्याकडे नेला. तो त्याने केला, मला समोर बसवून, जुना रोलर पिशवीत घालून. दोन शाळांना सांगून बघितलं. एक बाई गेल्या. बाकीच्यांना आता वाशिमची सवय लागली आहे. तिथे काचेचं दुकान आहे, थंड हवा आहे, नंबर लागतो. वाईट काहीच नाही त्यात.

मागच्या महिन्यात परिषद दुसऱ्या शाळेत होती. आमच्या केंद्रात एक तरुण सर बदलून आले आहेत, उन्हाळ्यानंतर. त्यांचा लॅपटॉप अडकत होता. जेवताना कुणीतरी त्यांना म्हणालं, मेमरी वाढवून घ्या. ते म्हणाले, "शेलूबाजारात करायचं होतं, पण ते जीपथांब्यासमोर बॅटरी बदलणारे आहेत ना, त्यांच्याकडे नको म्हणतात."

गेल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये हे सर आमच्या ग्रुपवर नव्हते. जिल्ह्यातसुद्धा नव्हते.

मी जेवण थांबवून सगळं सांगितलं, पहिल्यापासून, माझी चूक कुठे झाली ते, तक्ता, झाकण, सगळं. ते लक्ष देऊन ऐकत होते. "बरं झालं सांगितलंत मॅडम," म्हणाले, "मला खरंच माहीत नव्हतं." मी म्हटलं, रविवारी या, मी येते दुकानात तुमच्याबरोबर. हो म्हणाले.

रविवारी ते आले नाहीत. मंगळवारी केंद्रशाळेत भेटले तेव्हा लॅपटॉप उघडाच होता आणि झरझर चालत होता. मी विचारण्याआधीच ते म्हणाले, "वाशिमला गेलो होतो तसाही. म्हटलं, उगाच कशाला रिस्क?" मी त्यांना म्हटलं, काम झालं की पूर्ण बंद करत जा, झाकण लावून ठेवू नका. त्यांनी मान डोलावली.